बर्फाच्या आवाजाचं उशिरा आलेलं उत्तर

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सहल मंडळाच्या संस्थापिका आदरणीय मोहिनीताई, व्यासपीठावर विराजमान झालेल्या वसतिशाळेच्या मुख्याध्यापिका सुवर्णाबाई, आजची सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांची लेक चि. हर्षाली, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या मातोश्री कुसाबाई, मंडळाचे सर्व प्रवासी सभासद, कळवणहून सकाळच्या एसटीने आलेली आणि मघापासून समोशांच्या ट्रेकडे डोळे लावून बसलेली बालमंडळी, आणि मी तोंड उघडायच्या आतच तिसऱ्या रांगेतून 'आवरा' अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती आशाबाई, आपणा सर्वांना या भिमाजी बोरस्त्याचा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. लासलगावच्या बाजारात चौतीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारलेल्या माणसाच्या हाती माईक द्यायचा आणि वर पाच मिनिटं सांगायची, हे मांजराला दुधावर राखण बसवण्यासारखं झालं. पण आज मी खरोखर थोडक्यात बोलणार आहे, कारण जे बोलायचं आहे ते मला जड जातं आहे.

चार दिवसांनी हर्षाली नॉर्वेला निघते आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, त्यांना शिकवायचं कसं, याचं शिक्षण ती तिथे दोन वर्षं घेणार. आपल्या मंडळाने शिकवलेल्या मुलांपैकी परदेशी जाणारी ही पहिली. केवढा आनंदाचा दिवस! माझ्या आधीच्या वक्त्यांनी तिच्या कष्टांबद्दल, गुणांबद्दल सगळं सांगितलं आहे, आणि त्यांनी मला एकच विषय शिल्लक ठेवला आहे. तो म्हणजे मी.

सभागृहात काही नवी मंडळी दिसतात. त्यांच्यासाठी आमच्या मंडळाची रीत सांगतो. परदेशाच्या सहलीला नाव नोंदवणाऱ्याने वसतिशाळेतल्या एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलायचा. इथवर ठीक. देणारे हात नाशकात कमी नाहीत. पण मोहिनीताई पडल्या भूगोलाच्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, पैसे दिले की मुलाला वह्या-पुस्तकं मिळतील, पण तुम्ही पाहिलेलं जग त्याला कसं मिळणार? म्हणून दुसरी अट आली. निघण्याआधी ते मूल तुम्हाला चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून देणार. चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरात ठेवायची. परत आलात की शाळेत जायचं, फळ्यासमोर उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं हवं. वाचलेलं, मोबाइलवर शोधलेलं नको. आणि जोवर उत्तर दिलं नाही, तोवर तुमची सहल संपली असं मंडळ धरत नाही.

काय एकेक प्रश्न असतात म्हणता! आपल्या डॉक्टरसाहेबांना एका मुलाने विचारलं होतं, तिथली कुत्री आपल्या माणसावर भुंकतात का? डॉक्टर आठ दिवस पॅरिसमध्ये कुत्र्यांच्या मागे. शेवटी एक भुंकलं, तेव्हा हा माणूस भर रस्त्यात 'भुंकलं, भुंकलं' म्हणून टाळ्या वाजवायला लागला. आमच्या हिला प्रश्न होता, तिथल्या शाळेत घंटा कोण वाजवतं? त्यासाठी ही बाई भाषा येत नसताना एका शाळेच्या फाटकाशी तासभर उभी राहिली. मला मात्र तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटायचा. आपण पैसे दिले, पोर शिकेल, झालं की! चिठ्ठ्या कसल्या घेऊन फिरायच्या?

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि आशा पहिल्यांदाच युरोपला निघालो होतो. माझ्या वाट्याला सहावीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिने चिठ्ठी हातात दिली आणि निघून गेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बर्फ पडताना आवाज येतो का?' खाली नाव, हर्षाली.

स्वित्झर्लंडमध्ये आम्ही डोंगरातल्या एका गावात उतरलो होतो. एप्रिल संपत आलेला. आता बर्फ काही पडणार नाही, असं हॉटेलवाल्याने सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही चौघे पुरुष आमच्या खोलीत पत्त्यांचा मेंढीकोट खेळत बसलो होतो. मध्ये चिवड्याचं पातेलं... पातेलं म्हणजे हॉटेलची टोपी ठेवायची पेटी, पण ते जाऊ द्या. आमच्याकडे तीन मेंढ्या आलेल्या, चौथी दिसायला लागलेली. आणि खालून आशाची हाक आली, "अहो, या लवकर! बर्फ पडतंय!"

तुम्हीच सांगा, चौथी मेंढी हाताशी आलेली असताना कोणी उठतं का? भिडूला वाऱ्यावर सोडून? मी म्हटलं, आलोच. ती दोनदा वर येऊन सांगून गेली. दोन्ही वेळा मी म्हटलं, आलोच. कोट झाला, आम्ही जिंकलो, मी मफलर गुंडाळून खाली उतरलो, तर ऊन पडलेलं. छपरांवरून पाणी ठिबकत होतं, आणि अंगणात आशा उभी होती. तिच्या केसांत पांढरं काहीतरी अडकलेलं होतं, तेही माझ्या डोळ्यांदेखत विरघळलं.

विमानात मी तिला हळूच विचारलं, "काय गं, आवाज येत होता का?"

ही म्हणाली, "आला असतात तर कळलं असतं." आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.

आता शाळेत जाऊन काय सांगायचं? मी खेळत बसलो होतो, हे सांगायची लाज वाटली. मला सरळ म्हणता आलं असतं की पोरी, माझं चुकलं. पण म्हटलं नाही. त्या वर्गात साठ-सत्तर पोरं मांडी घालून बसली होती, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि समोर एवढी माणसं बसलेली दिसली की माझी जीभ आपोआप सुटते, हा चौतीस वर्षांचा आजार आहे.

मी म्हटलं, "येतो तर! बर्फ पडताना आवाज येतो."

सगळा वर्ग पुढे सरकला.

मी म्हटलं, "डोळे मिटा. लिलाव उरकलेत. ट्रॅक्टर गेलेत, माणसं गेलीत, आवार रिकामं झालंय. संध्याकाळचा बारीक वारा सुटतो आणि फरशीवर पडलेली कांद्याची टरफलं सरकायला लागतात. ऐकलाय का तो आवाज? अगदी तस्सा. बर्फ बोलतं, पण हळू बोलतं."

मंडळी, काय सांगू! साठ-सत्तर पोरांनी डोळे मिटले होते, आणि वर्गात अशी शांतता पसरली की मला स्वतःलाच तो आवाज ऐकू यायला लागला. खिडकीबाहेर ऊन भाजत होतं आणि त्या वर्गात बर्फ पडत होतं. सुवर्णाबाईंचेही डोळे मिटलेले होते, आहे ना आठवण, बाई? मी मनात म्हटलं, वा रे भिमाजी, मैदान मारलंस. एकाच मुलीचे डोळे उघडे होते. हर्षाली माझ्याकडे बघत होती. तिने उठून विचारलं, "नक्की येतो?" मी म्हटलं, "नक्की."

ती म्हणाली, "बरं." आणि खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, पोरीला भूक लागली असेल.

पुढची तेरा वर्षं मी हे विसरून गेलो. खरं सांगतो, विसरलो. ती दहावी झाली, बारावी झाली, मुंबईला शिकली, नोकरीला लागली. दर वर्षी मला पत्र लिहायची. मीही लोकांना अभिमानाने सांगायचो, ही माझी मुलगी.

गेल्या दिवाळीत मी आणि आशा फराळ घेऊन कळवणला तिच्या घरी गेलो. हर्षाली बाजारात गेली होती. घरी कुसाबाई एकट्याच होत्या. आपल्याला ठाऊक असेल, हर्षाली चार वर्षांची असताना कुसाबाईंना ताप आला आणि त्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलणं शाबूत आहे, उलट माझ्यापेक्षा खणखणीत आहे. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बरंचसं समजून घेतात, आणि न समजलेलं हर्षाली सांगते, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. आता या क्षणीसुद्धा ती तिथे बसून माझं भाषण आईला तसंच सांगते आहे. लहानपणापासून सांगत आली आहे. शाळेतून सुट्टीला घरी आली की दिवसभरात काय काय वाजलं, ते पोरगी आईला सांगायची. कुकरची शिट्टी झाली, एसटी गेली, शेजारी भांडण लागलं.

तर मी कुसाबाईंना म्हटलं, "पोरगी नॉर्वेला निघाली, आता तुम्हीही एकदा जाऊन या."

त्या म्हणाल्या, "ती बी तेच म्हनती. थंडीत ये म्हनती, बर्फ दावते. पन म्या नाय जानार."

"का बरं?"

"तुमीच सांगितलं व्हतं ना? बर्फाला आवाज ऱ्हातो म्हनून."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. सहावीत असताना हर्षालीने पुस्तकात बर्फाचं चित्र पाहिलं आणि सुट्टीत आईला विचारलं, एवढं आभाळ खाली येतं, त्याचा आवाज होत असेल का गं? आणि मायलेकींनी आपसांत ठरवलं की होत नसेल. कुसाबाईंचेच शब्द सांगतो. "म्या म्हनलं, आवाज नसंल तर लय बेस. बर्फ पडायला लागलं का तिथं समदी मानसं माझ्यावानीच. तेवढा येळ कोनालाच काय ऐकू येनार नाय. म्हनून पोरीनं तुमाला इचारलं. पोरगी घरी आली, म्हनली, आये, आवाज येतो, कांद्याच्या टरफलांवानी. त्यो आवाज मला ठावा हाय. कान व्हते तवा कांद्याच्या चाळीत निवडाया जायचे. मंग म्या म्हनलं, तिथंबी मी बहिरीच."

हे त्या हसत सांगत होत्या आणि मला चकलीचा आग्रह करत होत्या.

मी आणि आशा तिथून निघालो. एसटीत बसलो. दिंडोरी मागे पडल्यावर आशा म्हणाली, "आता तरी जाऊन ऐकून या." हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हिला येणं शक्य नव्हतं. मी एकटाच मंडळाच्या फेब्रुवारीच्या सहलीला ऑस्ट्रियाला गेलो. लोक विचारत होते, बोरस्ते, या वयात, एवढ्या थंडीत? मी म्हटलं, माझी आधीची सहल संपायची आहे.

पाच दिवस बर्फ पडलं नाही. पडलेलं खूप होतं, पडत नव्हतं. मी रोज हॉटेलच्या मागच्या कुरणात जाऊन बसायचो. सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आभाळ खाली उतरल्यासारखं झालं. समोरचा डोंगर आधी फिका झाला, मग गेलाच. आणि ते सुरू झालं. सरळ खाली येत नाही हो ते! रेंगाळत येतं. मध्येच थांबतं, वर जातं, जणू काही विसरलं म्हणून परत निघालं. मी कान देऊन उभा राहिलो, आणि काय सांगू, मला आवाज आला! बारीक, टिक टिक टिक. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, भिमाजी, तू खोटं बोललाच नव्हतास, चौदा वर्षांपूर्वी तुझ्या तोंडून खरंच निघालं होतं!

मग लक्षात आलं. मी नाशकातल्या शालिमारच्या बाजारातून घेतलेला प्लॅस्टिकचा रेनकोट घातला होता, टोपीसकट. आमच्या धंद्यात पहिला धडा असतो, मालाच्या वजनात पोत्याचं वजन धरायचं नाही. मी रेनकोट काढला, लांब कुंपणाच्या खांबावर टांगून आलो आणि नुसत्या स्वेटरवर उभा राहिलो.

काही नाही.

मला वाटलं, विमानात बसतात तसे कानाला दडे बसले. नाक दाबून पाहिलं, आवंढा गिळला. काही नाही. डोळ्यांना दिसत होतं, एवढं आभाळ पडत होतं, झाडं भरत होती, बाक भरत होता, माझे बूट दिसेनासे होत होते, आणि कशाचा म्हणून आवाज नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हजार माणसांच्या गलक्यात 'बोला, बोला, बोला' म्हणून गळा ताणला, त्याला ते सहन होईना. मी आपला लिलावाचा आवाज लावला आणि जोरात पुकारलं, "बोला, बोला, बोला!" माझाच आवाज, पण दोन हातांवर जाऊन तो खाली बसला.

तेवढ्यात पायवाटेने एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा पोलिसांना बोलावतो. तो आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. ना त्याला मराठी, ना मला जर्मन. त्याने आभाळाकडे तोंड केलं, मीही केलं. कुत्रंही बसलं. किती वेळ उभे होतो कोण जाणे. मला आठवत राहिल्या त्या कुसाबाई. बहिरेपण असंच असतं असा माझा दावा नाही; मी आत जाऊन चहा मागितला की माझं जग पुन्हा वाजायला लागणार होतं. पण तेवढा वेळ मी, तो म्हातारा, ते गाव, आम्ही सगळी माणसं कुसाबाईंसारखीच होतो. त्या मायलेकींनी कळवणला बसून, न बघता, जे ओळखलं होतं, ते अक्षरशः खरं होतं. आणि मी ते त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. पत्त्यांच्या डावापायी.

मी रडलो, मंडळी. थंडीत रडणं फार वाईट, गाल चरचरतात.

परत आल्यावर मी फोन करून सांगणार होतो. हिने अडवलं. म्हणाली, "खोटं चारचौघांत बोललात ना? मग खरंही चारचौघांत बोला. आणि निरोप समारंभात बोलला नाहीत तर मी उठून बोलेन." काहींनी मला असंही समजावलं की जाऊ द्या, गोड खोटं होतं, पोरांना आनंद झाला, मुलगी शिकली, आता कशाला उकरता? मलाही तसं वाटावं असं फार वाटत होतं. पण हर्षाली नॉर्वेत पहिल्यांदा बर्फात उभी राहील. ती कान देईल. आणि तिथे परक्या देशात, एकटी असताना, तिला कळेल की ज्याला ती काका म्हणते त्याने तिला फसवलं. ते तिला तिथे कळू नये, इथे कळावं, आपल्या माणसांत. तिला रागवायचं असेल तर समोर मी असावा.

हर्षाली... तू थांबलीस. बराच वेळ तू आईला काही सांगत नाहीयेस. मी बघतोय.

सांग त्यांना. नाही? बरं, नको सांगूस. मीच सांगतो, तो माझाच हिशेब आहे. सूत्रसंचालक, हा माईक जरा धरा. मला तो नको.

कुसाबाई. माझ्या तोंडाकडे बघा. मी बर्फ पडताना पाहिलं नव्हतं. मी खोटं बोललो. आता पाहून आलो. बर्फ पडताना आवाज येत नाही. अजिबात येत नाही.

"कोनालाच नाय?"

कोणालाच नाही. मला आला नाही, तिथल्या माणसाला आला नाही, त्याच्या कुत्र्यालासुद्धा आला नाही. तुमचं बरोबर होतं.

मागच्या रांगांना ऐकू गेलं का, आत्ता त्या काय म्हणाल्या ते? माझ्याशी नाही बोलल्या, लेकीशी बोलल्या. म्हणाल्या, "मंग मला बी ने येकदा. थंडीतच ने."

हर्षाली, बाळा, माझ्याकडे बघू नकोस, आईकडे बघ. तिला उत्तर दे.

अध्यक्ष महोदया, पाच मिनिटांची मुदत केव्हाच उलटून गेली. आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलं, सुवर्णाबाईंनी मुलांना इथवर आणलं, आशाने मला आधी बर्फात आणि आज इथे उभं केलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मुलांनो, आता समोसे खा. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. चौदा वर्षांपूर्वी त्या वर्गात जे झालं, ते मात्र पोटात घालू नये. त्याची क्षमा मी फक्त समोर बसलेल्या या दोघींकडे मागतो, आणि ती आजच मिळावी असा माझा आग्रह नाही. नमस्कार.